चार इंच पाणी

"असं लिहा," देवस्थळीसाहेब म्हणाले, "आमच्या अहवालात नमूद केल्याप्रमाणे खाडीवरच्या बंधाऱ्यामुळे काळवेली गावाशी भरतीचं पाणी चार इंचांहून अधिक चढणं शक्य नाही. सबब तक्रार निराधार आहे. एवढं पुरे."

टेबलापलीकडे गुलाम रसूल उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. साठीचा माणूस, तीस वर्षं बोटींवर काढलेला. अंगात इस्त्रीचा सदरा घालून तो काळवेलीहून पहाटेच निघाला होता.

"शक्य नाय म्हंजे काय, साहेब?" त्यानं वाकून नडगीच्या वर हात लावला. "अमाशेच्या उधाणाला घरात पाणी इथवर होतं. चूल विझली. विहीर खारी झाली. ताजबी, माझी घरवाली, पाऊण मैलावरून हंडे आणते. आमच्या मोहल्ल्यात अकरा घरांची हीच गत. तुमच्या कागदात ती शक्य नाय?"

"यंदा पाऊस किती झाला, ठाऊक आहे ना?"

"त्या दिवशी ऊन होतं, साहेब. दोरीवर कपडे वाळत होते."

देवस्थळीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "अहवालाला शास्त्रीय आकडेमोडीचा आधार आहे. तुमच्या नडगीला नाही."

कोपऱ्यातल्या टेबलावर हे सगळं उतरवून घेणारी दमयंती पावसकर मान वर करून बघू लागली. रत्नागिरीच्या त्या ऑफिसात ती दीड वर्षापूर्वी, १९५५ साली, लागली होती. गणित घेऊन बी. एस्सी. झालेली. तिच्या हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर'. म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. दांडा फिरवून चालवायचं एक गणकयंत्र तिच्या ताब्यात होतं, आणि साहेब चिठ्ठीवर जे आकडे देतील त्यांची उत्तरं काढून द्यायची, एवढंच तिचं काम; अधूनमधून साहेबांची पत्रंही उतरवून घ्यावी लागत.

गुलाम रसूल वळला आणि बाहेर पडला. दमयंती त्याच्यामागून व्हरांड्यात गेली.

"चाचा, थांबा जरा."

"का, बाय? तुलाही मी खोटा वाटतो?"

"नाही वाटत. पण अहवाल खोटा असेल असंही मला वाटत नव्हतं. मी तो परत करून बघते."

"परत करून? बंधारा परत बांधणार?"

"कागदावर. खाडीचे नऊ भाग पाडायचे. मुखाशी पाणी किती चढलं, ते घ्यायचं. मग पाव-पाव तासानं प्रत्येक भागात किती पाणी शिरलं, किती बाहेर गेलं, हे काढत जायचं. आधी बंधारा नाही, पाणी खाजणाच्या जमिनीत पसरतं असं धरून, मग बंधारा आहे, ते तिकडे पसरू शकत नाही असं धरून. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या गावाशी चढलेलं पाणी. अहवालात तेच केलंय."

गुलाम रसूलनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुखाशी पाणी किती चढलं, ते मीच लिहून देत होतो. बंधाऱ्याआधी वर्षभर पाणी मोजायची ऑफिसची काठी मी वाचली. दिवसातून चार वेळा. बोटीवरची सवय म्हणून एक नक्कल माझ्याकडे ठेवली आहे. पाहिजे?"

"पाहिजे," दमयंती म्हणाली.

अहवाल बावीस पानांचा होता. तिनं तो त्या दुपारी पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचला. प्रस्तावना होती, आभार होते, चारशे एकर खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी खाडीकाठची जमीन, लागवडीखाली येईल याचं वर्णन होतं, बंधाऱ्याचे तीन सुंदर नकाशे होते. सतराव्या पानावर एक वाक्य होतं: निरीक्षित भरतीच्या आधारे केलेल्या तपशीलवार गणनेनुसार काळवेलीशी पाणी चार इंच चढेल. त्याखाली देवस्थळीसाहेबांची सही.

कुठल्या दिवसाची भरती? लिहिलेलं नव्हतं. खाडीची खोली कुठून घेतली? नव्हतं. तळाचा पाण्याला अडसर किती धरला? नव्हतं. गणनेचे तक्ते जोडलेले नव्हते, आणि ते कुठं ठेवलेत याचाही उल्लेख नव्हता. तिनं बावीस पानं पुन्हा पालथी घातली. आभारात मामलेदारांच्या पट्टेवाल्याचंसुद्धा नाव होतं. गणना ज्यानं केली त्याचं नव्हतं.

हाच अहवाल दाखवून अकरा घरांना खोटं ठरवायचं पत्र तिनं थोड्या वेळापूर्वी आपल्या हातानं लिहिलं होतं.

रेकॉर्डच्या खोलीत तिला कळलं की जुने तक्ते दोन वर्षांपूर्वी रद्दीत गेले. पण ते कोणी केले हेही कळलं: तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणारे आत्माराम नाखरे. आता निवृत्त होऊन मालगुंडला असतात. रविवारी ती एस. टी.नं मालगुंडला गेली.

नाखरे ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. तिनं ओळख सांगितली, तसे ते खूश झाले. चहा सांगितला. यंत्राचा दांडा अजून अडकतो का, विचारलं. मग तिनं काळवेलीचं नाव काढलं.

"हो, मीच केलं ते. साहेबांची चिठ्ठी आली. भरतीचे आकडे, खोल्या, अडसराचा आकडा. शून्य पूर्णांक शून्य पंचवीस. तो लक्षात आहे, कारण ते नेहमी तोच देत."

"भरती कुठल्या दिवसाची होती?"

"चिठ्ठीवर तारीख नव्हती."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारायचं काय? एकतीस वर्षं काम केलं मी. आकडे घ्यायचे, उत्तर द्यायचं."

"आणि तिकडे लोकांच्या चुलीत पाणी गेलं!"

नाखऱ्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. "हे बघ पोरी, माझ्या आकडेमोडीत चूक नव्हती. एका इंचाची नाही, पाव इंचाची नाही."

"नव्हती हे कळणार कसं, काका? तक्ते रद्दीत गेले. चिठ्ठी गेली. अहवालात तुमचं नावसुद्धा नाही. तुमची चूक नव्हती हे तुम्ही सांगता म्हणून मी मानायचं, आणि पाणी चढलं हे तो माणूस सांगतो ते मानायचं नाही?"

"माझ्या घरी येऊन मला खोटं पाडतेस?" ते उठून उभे राहिले. चहा आला तेव्हा दमयंती अंगणाबाहेर पडली होती.

घरी येईपर्यंत तिला स्वतःचाही राग आला. दीड वर्षात देवस्थळीसाहेबांच्या किती चिठ्ठ्या तिच्या हातावर पडल्या होत्या! तिनं तरी एकदा कुठं विचारलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. ऑफिसचं काम संपवून आणि जेवणाच्या सुट्टीत ती यंत्रावर बसे. गुलाम रसूलच्या वहीतली एक पौर्णिमा तिनं निवडली. नऊ भाग, पाव-पाव तासाच्या पन्नास पायऱ्या, म्हणजे साडेचारशे ओळी. आणि त्या दोनदा, एकदा बंधाऱ्याविना, एकदा बंधाऱ्यासह. खोल्या तिनं जुन्या नकाशावरून घेतल्या आणि तसं कागदावर लिहून ठेवलं. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर तारीख, तिथी, कुठला आकडा कुठून आला, सगळं लिहिलं. दोन आठवडे गेले. उत्तर आलं चौदा इंच.

शनिवारी बाजाराला आलेला गुलाम रसूल ऑफिसच्या फाटकाशी थांबला होता. तिनं त्याला सांगितलं.

"चौदा काय नाय," तो म्हणाला. "आमच्या धक्क्याच्या पायरीवर जुन्या उधाणाची रेघ आहे. तिच्यावर बारा इंच चढलं. मी पट्टी लावून मोजलं. पण चार? चार कुठून आणले त्यांनी?"

"तेच मला कळत नाही. अडसराचा आकडाही त्यांचाच घेतलाय मी."

गुलाम रसूल दाढी खाजवत राहिला. "भांगाला बघितलंस, बाय? अष्टमीला? भांगाच्या भरतीत जोरच नसतो. अष्टमीला विचारशील तर आजसुद्धा आमच्याकडे चारच बोटं जास्त चढतं."

दमयंतीनं वहीतली एक अष्टमी घेतली. पुन्हा साडेचारशे ओळी, पुन्हा दोनदा. शेवटच्या तक्त्याची शेवटची बेरीज तिनं यंत्रावर केली, मग हातानं केली, मग पुन्हा यंत्रावर केली.

चार इंच.

तिनं यंत्राचा दांडा इतक्या जोरात सोडला की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाची दौत कलंडली. महिन्यातली सगळ्यांत दुबळी भरती घेऊन या माणसानं गावाला सांगितलं होतं की तुम्हाला काही होणार नाही. आणि कुठली भरती घेतली, ते लिहिलं नव्हतं.

ती कागद घेऊन सरळ आत गेली.

"अष्टमीची भरती घेतलीत तुम्ही," ती म्हणाली.

देवस्थळीसाहेबांनी तक्ते पाहिले. त्यांनी ते नाकबूल केलं नाही. हे तिला अपेक्षित नव्हतं. "बसा," ते म्हणाले. ती बसली नाही.

"उधाण महिन्यातून दोनदा येतं, बाई. दोन-तीन दिवस टिकतं. बाकीचे दिवस मध्यम. कुठलीतरी एक भरती घ्यावीच लागते."

"पाणी घरात उधाणालाच शिरतं, साहेब! अष्टमीला कोणाच्या घरात शिरलंय?"

"उधाण घेतलं असतं तर मंजुरी मिळाली नसती. आज चारशे एकरांत भात उभं आहे. दरवर्षी खारं पाणी पिणारी जमीन होती ती. लोक जेवताहेत त्यावर. ते तुमच्या तक्त्यात आहे?"

"नाही. ते तुम्ही लिहायचं होतं. आम्ही अष्टमीची भरती घेतली आहे, कारण अमुक. एक ओळ! ती एक ओळ असती तर हा गुलाम रसूल तेव्हाच येऊन तुम्हाला सांगून गेला असता की साहेब, हे चालायचं नाही. तुम्हाला ते नको होतं म्हणून ओळ गाळलीत."

"प्रत्येक आकडा छापला तर प्रत्येक ऐरागैरा शंका काढत बसेल. कामं व्हायची कशी?"

"शंका काढायलाच छापायचा असतो!"

ती ओरडली होती. बाहेरची टाइपरायटरची टकटक थांबली. देवस्थळीसाहेब हळूच म्हणाले, "ते कागद इथं ठेवा आणि जा."

तिनं कागद ठेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिनं सगळ्या तक्त्यांच्या कार्बन लावून नकला केल्या. एक संच मुंबईला वरच्या अधिकाऱ्यांकडे धाडला, एक गुलाम रसूलला दिला. तिसरा संच बराच वेळ टेबलावर पडून होता. मग तिनं तो पाकिटात घालून मालगुंडला नाखऱ्यांना पाठवला. सोबत चिठ्ठी नाही, नमस्कार नाही. राग गेला नव्हता. सरकारी कागद परस्पर बाहेर दिल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र तिला आठ दिवसांत मिळालं.

फेब्रुवारीत मुंबईहून मोठे साहेब आले आणि त्यांनी काळवेलीच्या शाळेत सभा घेतली. एका बाजूला मोहल्ल्यातली माणसं, दुसऱ्या बाजूला बंधाऱ्याआतले शेतकरी. दमयंतीनं दोन्ही उत्तरं मांडली: अष्टमीला चार, पौर्णिमेला चौदा. मोठे साहेब तक्ते चाळत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आत्माराम नाखरे उठले. त्यांच्या हातात तेच पाकीट होतं.

"चौदा चुकीचं आहे," ते म्हणाले.

दमयंती त्यांच्याकडे वळली.

"पौर्णिमेचा नववा तक्ता. एकतिसावी ओळ. वजाबाकीत हातचा राहिलाय. तिथून पुढं सगळं तीन इंचांनी वर गेलंय. अकरा हवं."

देवस्थळीसाहेब खुर्चीत मागे रेलले. "ऐकलंत? ज्या आकड्याच्या जोरावर ही बाई माझ्यावर आरोप करते, तो आकडाच चुकीचा!"

दमयंतीनं नववा तक्ता काढला. एकतिसावी ओळ. वजाबाकी तिनं पेन्सिलीनं पुन्हा केली. नाखरे बरोबर होते. चाळीस माणसांसमोर, देवस्थळ्यांच्या त्या हसऱ्या तोंडासमोर, हे बोलायचं होतं, आणि त्या क्षणी तिला नाखऱ्यांचा गळा धरावासा वाटला.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "अकरा."

"म्हणजे उद्या आणखी कोणी आठ म्हणेल," देवस्थळीसाहेब म्हणाले.

"म्हणू दे की!" नाखरे एकदम त्यांच्याकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साहेब, हिची चूक मला माझ्या ओटीवर बसून सापडली. तीन दिवस लागले. कारण हिनं कागद दिले. तुम्ही मला बिनतारखेची चिठ्ठी दिलीत, आणि मी एकतीस वर्षं नोकरी करून तारीख विचारली नाही. त्याची मला आता लाज वाटते. तुमची गोष्ट उघडकीला यायला यांच्या घरात पाणी शिरावं लागलं."

मोठ्या साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. त्यांनी गुलाम रसूलला विचारलं, "तुम्ही मोजलंत किती?"

"बारा इंच, साहेब."

"आणि हे अकरा. एक इंच कुठं गेला?"

"ठाऊक नाही," दमयंती म्हणाली. "तसं लिहीन मी."

निकाल असा झाला: दर उधाणाला तीन दिवस बंधाऱ्याच्या उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, मोकळी ठेवायची. पाणी पूर्वीसारखं आत पसरेल, मोहल्ल्यात चढणार नाही. बंधाऱ्याआतली खालची चाळीस एकर जमीन त्यात जाणार होती. हे ऐकल्याबरोबर धाकू नावाचा शेतकरी बाक ढकलून उभा राहिला.

"आणि आमी? माजं भाताचं शेत त्या चाळीस एकरांत हाय. तीन वर्सं ढेकळं फोडली. ह्यांच्या घरातलं पाणी माज्या शेतात सोडता काय? आमाला कोणी इचारलं?"

गुलाम रसूलनं मान खाली घातली. धाकू सभेतून निघून गेला आणि जाताना तिच्याकडे असं बघून गेला की ती ते कित्येक दिवस विसरली नाही.

देवस्थळीसाहेबांना शिक्षा झाली नाही. एप्रिलमध्ये त्यांची पुण्याला बढतीवर बदली झाली, हार घालून ऑफिसनं त्यांना निरोप दिला, आणि दमयंती त्या दिवशी रजेवर राहिली. तिला लेखी ताकीद मिळाली. दुसऱ्या एका खाडीवरच्या बंधाऱ्याचा अहवाल मात्र मोठ्या साहेबांनी परत पाठवला. त्यावर त्यांच्या हातचा शेरा होता: भरतीची तिथी, खोल्यांचा आधार व सर्व तक्ते जोडल्याखेरीज विचार होणार नाही. गणना करणाऱ्याचे नाव लिहावे.

मे महिन्यात, भर दुपारी, धाकू ऑफिसात आला. पायात वहाणा नव्हत्या. तो सरळ तिच्या टेबलाशी आला.

"ते कागद दाखव. ज्यांच्यावरनं माजं शेत गेलं ते."

"तुम्हाला ते कळणार..." ती म्हणायला गेली आणि थांबली. स्वतःच्या तोंडचं ते वाक्य तिला साहेबांच्या आवाजात ऐकू आलं. तिनं तक्ते काढले, त्याच्याकडे फिरवून ठेवले आणि शेजारची खुर्ची ओढली. "बसा."

"चौथी शिकलोय मी," धाकू म्हणाला आणि बसला.

बोट फिरवत तिनं एकेक भाग दाखवला. हे मुख, हा मोहल्ला, हा बंधारा. सातव्या भागाशी त्यानं तिचा हात थांबवला. "हितं माजी हद्द लागते. ह्यो काय आकडा?"

"तिथल्या पाण्याची खोली. तीन फूट."

"कोनी मोजली?"

"जुन्या नकाशावरून घेतली. हे बघा, खाली लिहिलंय."

"नकाशावरनं!" त्याचा आवाज चढला. "बाय, तितं गाळ बसलाय. दोन वर्सं झाली. मी उतरतो तितं. गुडघ्याच्या वर पानी नाय. तू गेलीस कदी?"

"नाही," दमयंती म्हणाली. ती चिडली होती, त्याच्यावर, नकाशावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. तिनं तक्त्यावर सातव्या भागापुढं पेन्सिलीनं खूण केली, भिंतीवरची मोजपट्टी काढली आणि छत्री उचलली. "ओहोटी कधी आहे आज?"

"लागलीच की," धाकू म्हणाला. "आत्ता निघालो तर गावंल."

"चला मग," ती म्हणाली, आणि हजेरीच्या वहीत कारण न लिहिता बाहेर पडली; फाटकापर्यंत गेल्यावर मात्र परत आली आणि तेही लिहून गेली.